तळ्यातील पोहणे आणि शर्यतीतील पोहणे : पालकांस काय सांगावे

(शिक्षण परिषदेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



भंडारा हा तळ्यांचा जिल्हा, हे येथील तिसरीच्या मुलासही ठाऊक असते. कोहळी लोकांनी खपून बांधलेली, पुढे मालगुजारांच्या ताब्यात राहिलेली आणि मालगुजारी संपल्यावर माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’, ह्या नावाने ओळखली जाणारी तळी गावोगाव आहेत. बोड्यांची तर गणतीच नाही. जिल्ह्यातून वैनगंगा वाहते, आणि पवनी तालुक्यात गोसे येथे धरण झाल्यापासून तिचे साचलेले पाणी पार भंडारा शहरापर्यंत पसरलेले असते. अशा मुलखात पाण्यास न भिणारी मुले निपजावी हे स्वाभाविकच होय. तथापि खेड्यातील असे मूल शर्यतीच्या तरणतलावापर्यंत पोचणे ही मात्र अजून अपवादाचीच गोष्ट आहे. त्याचे एक कारण अंतर व पैसा हे आहे. दुसरे असे की त्या मार्गावर काय काय लागते हे घरच्या माणसांस कोणी नीट सांगितलेलेच नसते. सांगणारा असलाच तर तो बहुधा उत्साहाच्या भरात पदके, वर्तमानपत्रांतील छायाचित्रे व नोकरी एवढेच सांगतो, आणि दोन महिन्यांनी मूल घरी परत येते.

खेड्यात हे सांगण्याचे काम शिक्षकावरच येते. म्हणून त्याने ते कसे करावे ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

एखाद्या ढिवराच्या अंगणात शिक्षक जाऊन बसतो आणि म्हणतो, ‘तुमच्या मुलास पोहण्याच्या शर्यतीसाठी तयार करावे असे वाटते.’ त्यावर उत्तर येते, ‘आमचा पोट्टा तं मासोळीवानी पोहते गुरुजी, त्याले आणखी का शिकवाचं?’ ह्या उत्तरात अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. बापाबरोबर डोंग्यात बसून जाळे टाकणारा, शिंगाड्याच्या वेलांतून वाट काढणारा दहा वर्षांचा मुलगा पाण्यात जे करू शकतो ते शहरातील मुलास सहसा साधत नाही. परंतु हेच उत्तर पुढील बहुतेक निराशेचे मूळ आहे. ह्यास्तव शिक्षकाने प्रथम दोन पोहण्यांतील भेद समजावून द्यावा.

तळ्यात पोहणारा डोके वर ठेवून पोहतो. त्यास समोरचे पाहावे लागते. जलपर्णी आहे, जाळे आहे, म्हैस आहे. डोके वर राहिले की कंबर खाली जाते, पाय गुडघ्यांत वाकून पाणी खाली दाबू लागतात, आणि शरीर तिरपे होऊन पाण्यास अडते. तरंगून राहण्यास, बराच वेळ पाण्यात टिकण्यास ही रीत उत्तम आहे. शर्यतीत मात्र शरीर फळीसारखे आडवे ठेवावे लागते. तोंड पाण्यात, श्वास पाण्यातच सोडावयाचा, आणि हात पुढे जात असता मान बाजूस वळवून क्षणभरात नवा श्वास घ्यावयाचा. पाय कमरेपासून हलवावयाचे. ऐकण्यास हे सोपे वाटते. पण जे अंगवळणी पडले आहे ते मोडून नवे बसविणे हे कोऱ्या पाटीवर लिहिण्यापेक्षा कठीण असते, हे शिक्षकास वेगळे सांगावयास नको. पहिलीत चुकीच्या वळणाने अक्षर काढावयास शिकलेल्या मुलाचे हस्ताक्षर चौथीत सुधारताना काय होते ते सर्वांनी पाहिलेच आहे.

परिणाम असा होतो की गावातील सर्वांत तरबेज पोहणारा मुलगा तरणतलावावर गेला की त्यास पहिले काही आठवडे उथळ भागात, त्याच्याहून लहान मुलांसमवेत उभे केले जाते. कडेची दांडी धरून पाय हलवावयास लावतात, तोंड बुडवून बुडबुडे काढावयास लावतात. त्यास हा अपमान वाटतो. बाप सोबत असेल तर त्यासही वाटतो. बरीच मुले ह्याच टप्प्यावर सोडून जातात, आणि घरी येऊन ‘तिथं काहीच शिकवत नाहीत’ असे सांगतात. हे आधी सांगितलेले असेल तर तो अपमान राहत नाही, तो शिक्षणाचा पहिला पाठ ठरतो. नंतर सांगून उपयोग नसतो.

ह्या संबंधात सचिन नाग ह्यांचे उदाहरण पालकांस अवश्य द्यावे. १९५१ साली दिल्लीस भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत १०० मीटर मुक्त शैलीच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविणारे हे जलतरणपटू वाराणसीस गंगेच्या पात्रात पोहणे शिकले. नदीने त्यांना दम व धीटपणा दिला. परंतु शर्यतीस लागणारी शिस्तबद्ध तालीम त्यांना पुढे कलकत्त्यास मिळाली. नदीतून आलेल्या मुलास ही दुसरी पायरी टाळता येत नाही. मात्र पहिली पायरी त्याने आधीच चढलेली असते, हे त्याच्या बापास सांगण्यात काही वावगे नाही.

येथेच एक सावधगिरी सांगितली पाहिजे. तरणतलाव दूर आहे म्हणून शिक्षकाने उत्साहाने गावच्या तळ्यातच मुलांची शर्यतीची तालीम सुरू करू नये. तळ्याचा तळ सारखा नसतो; गाळ असतो, पाळीजवळ एकाएकी खोली येते, तुडुमापाशी पाण्याची ओढ असते. शिंगाड्याच्या व जलपर्णीच्या मुळ्यांत पाय अडकल्यास पट्टीचा पोहणाराही घाबरतो. शर्यतीची उडी तर उथळ पाण्यात कधीही शिकवू नये. डोके तळास आपटून मानेच्या मणक्यास इजा झाल्यास मूल जन्माचे अपंग होते. नदीविषयी बोलावयासच नको. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेने केवढे रूप घेतले होते हे भंडारेकरांच्या स्मरणात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. पोहता येणाऱ्या मुलाने इतरांच्या देखत नवे साहस करून पाहणे हाही ह्या मृत्यूंच्या कारणांपैकी एक भाग असतो. शर्यतीचा नाद लागलेले मूल एकटेच तळ्यावर जाऊन वेळ मोजू लागेल, ही शक्यता पालकांस स्पष्ट सांगावी आणि ‘मोठा माणूस काठावर असल्यावाचून पाण्यात उतरावयाचे नाही’ असा नेम घरात घालून द्यावयास लावावा.

आता खऱ्या अडचणीकडे वळू. योग्य मापाचा तरणतलाव आणि शिकविणारा जाणता माणूस, ही दोन्ही एकत्र असतील असे ठिकाण बहुतेक खेड्यांपासून दूर असते. भंडाऱ्यापासून नागपूर सुमारे ६० किलोमीटर. साकोली-लाखांदूरकडून तर ते अंतर बरेच वाढते. शर्यतीची तयारी म्हणजे उन्हाळी सुटीतील महिनाभराचा वर्ग नव्हे. नवशिक्या मुलास आठवड्यातून तीन-चार दिवस, रोज तासभर पाणी मिळाले तरच शिकलेले टिकते. दोन-तीन वर्षांनी हेच दिवस सहा होतात. आणि राज्यपातळीवर झुंजणारी मुले सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाण्यात असतात. म्हणजे एकतर मुलास नातेवाइकाकडे किंवा वसतिगृहात ठेवावे लागेल, नाहीतर घरातील एका मोठ्या माणसाचा अर्धा दिवस त्याच्या ने-आणीत जाईल. जुलै-ऑगस्टात रोवणी असते, दिवाळीच्या मागेपुढे धानाची कापणी असते. शालेय स्पर्धांचे दिवसही पावसाळ्यापासून पुढे ह्याच सुमारास येतात. त्या दिवसांत घरचा माणूस मोकळा होईल काय, हा प्रश्न शिक्षकाने स्वतः होऊन काढावा. घरच्यांस तो सुचतो, पण गुरुजींपुढे बोलण्याचा संकोच होतो, आणि ‘हो’ म्हटले जाते.

ह्यावरून असे ठरले की मुलास आताच शर्यतीस घालणे शक्य नाही, तर त्यात कमीपणा मानू नये. दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलाने उन्हाळ्यात एखाद्या तरणतलावावर चारही प्रकार, म्हणजे मुक्त शैली, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक व बटरफ्लाय, शुद्ध रीतीने शिकून घ्यावे आणि बाकीचे वर्ष धावावे, खेळावे, झाडावर चढावे. त्याने काही बिघडत नाही. किंबहुना आठव्या-नवव्या वर्षापासून पदकांच्या मागे लावलेली मुले दहावीपर्यंत कंटाळून पाणी सोडतात, असे वारंवार दिसते. बाराव्या वर्षी जो मुलगा सर्वांच्या पुढे असतो तो पुष्कळदा केवळ इतरांच्या आधी वाढीस लागलेला असतो. पंधराव्या वर्षी बाकीचे त्यास गाठतात, आणि तेव्हा त्याच्या बापाची समजूत घालणे अवघड जाते.

कुटुंबाने होकार दिल्यास मुलास कोणाच्या हाती सोपवावयाचे ते पाहावे. पालकाने पहिल्या दिवशी शुल्क भरण्यापूर्वी काठावर उभे राहून एक पूर्ण तास नुसते पाहावे. मुले पाण्यात असताना त्यांच्यावर नजर ठेवणारा जीवरक्षक शिकविणाऱ्या प्रशिक्षकाखेरीज वेगळा आहे काय? बुडणाऱ्यास बाहेर काढल्यावर छाती दाबून श्वास सुरू करण्याची क्रिया त्यांपैकी कोणास येते? पाण्याचा तळ स्वच्छ दिसतो काय? प्रशिक्षकाने शिक्षण कोठे घेतले? पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका असल्यास उत्तम, पण केवळ कागद पाहून थांबू नये. तो मुलांशी कसा बोलतो, मारतो काय, हे पाहावे. स्पर्धेसाठी बाहेरगावी जाताना मुलांबरोबर कोण असते, मुली असतील तर स्त्री सोबत असते काय, कपडे बदलण्याची खोली बंदिस्त आहे काय, हेही विचारावे. ह्या प्रश्नांनी जो प्रशिक्षक रागावेल त्याच्याकडे मूल ठेवू नये. खर्चाचीही वर्षभराची बेरीज आधी मांडून घ्यावी. शुल्क थोडे दिसते, पण प्रवास, पोशाख, डोळ्यांवरचा गॉगल, टोपी, प्रवेशशुल्क आणि बाहेरगावचे जेवण मिळून रक्कम वाढत जाते.

मुलींच्या बाबतीत घरचा पहिला आक्षेप पोशाखाचा असतो. आई तो बोलून दाखवीत नाही. ‘तिला पाणी सोसत नाही’ असे काहीतरी सांगते. येथे शिक्षिकेने आईस एक साधी गोष्ट सांगावी. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तरणतलावातील शर्यतीत मुलीचा पोशाख खांद्यापासून गुडघ्यापर्यंत असू शकतो. मुलाचाही बेंबीपासून गुडघ्यापर्यंत चालतो. मोठ्या स्पर्धांत तसेच पोशाख वापरतात. ही माहिती नसल्यामुळे किती मुली काठावरच राहिल्या असतील ह्याची मोजदाद कोणी केलेली नाही. मासिक पाळीच्या दिवसांत काय करावे हा प्रश्नही शिक्षिकेनेच काढावा. त्या दिवसांत पोहणे हे आरोग्यास अपायकारक नाही. पण मुलीची इच्छा नसेल तर प्रशिक्षकाने सक्ती करता कामा नये, आणि ती का आली नाही हे सर्वांदेखत विचारताही कामा नये.

प्रकृतीसंबंधी ह्या जिल्ह्यात एक गोष्ट विशेष आहे, ती सिकलसेलची. विदर्भाच्या पूर्व भागात हा आनुवंशिक विकार बऱ्याच कुटुंबांत आढळतो. ज्या मुलास हा विकार प्रत्यक्ष झालेला आहे त्यास थंड पाणी, अतिश्रम व अंगातील पाणी कमी होणे ह्यांमुळे हाडासांध्यांत तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा मुलास डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून शर्यतीच्या तालमीस पाठवू नये. जो केवळ वाहक आहे, म्हणजे ज्यास आईकडून किंवा बापाकडून एकाच बाजूने तो दोष आलेला आहे, त्यास खेळाची सामान्यतः मनाई नसते. पण कडक उन्हात दम तुटेपर्यंत श्रम करणे व पाणी न पिणे त्याने टाळले पाहिजे, आणि प्रशिक्षकास ही गोष्ट आधीच माहीत असली पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ह्याची साधी रक्ततपासणी होते. ज्या घरात ही तपासणी झालेली नाही तेथे ती आधी करून घ्यावी, मग पोहण्याचे बोलावे. काही कुटुंबे मुलीच्या लग्नात अडथळा येईल ह्या भीतीने हा विकार लपवितात. म्हणून ही चौकशी शिक्षकाने अंगणात चार माणसांत कधीही करू नये.

त्याखेरीज कान वाहत असेल तर पडद्यास भोक आहे काय हे तपासून घ्यावे. मिरगीचे झटके येणाऱ्या मुलाविषयी डॉक्टरांनी परवानगी दिली तरी पाण्यात त्याच्यासाठी स्वतंत्र माणूस लागतो. दमा असलेली मुले पोहू शकतात, पुष्कळांस त्याने बरे वाटते. औषध मात्र काठावर असले पाहिजे.

आहाराविषयी बाजारात बराच भ्रम पसरविला जातो. पोहणाऱ्या मुलास भूक फार लागते, ही खरी गोष्ट. ती भात, वरण, पोळी, भाजी, अंडी, दूध, भुईमुगाचे दाणे व गूळ ह्यांनी भागते. ढिवराच्या घरी तर मासोळी रोजची आहे. डब्यांत मिळणाऱ्या महाग पुडी प्राथमिक शाळेतील मुलास लागत नाहीत, आणि त्या कोणी आग्रहाने विकू लागल्यास पालकाने सावध व्हावे. पाण्यात असूनही अंगातून घाम जातो, हे लोकांस खरे वाटत नाही. नागपूर-भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात तालमीपूर्वी व नंतर पाणी पिण्याची सवय लावावी लागते.

आता स्पर्धेचा दिवस. राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयातर्फे होणाऱ्या शालेय स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील अशा गटांत असतात. जिल्हा, विभाग, राज्य आणि नंतर राष्ट्रीय असा क्रम लागतो. प्राथमिक शाळेतील मूल अर्थातच पहिल्या गटात येते, आणि त्यास तेरा वर्षांच्या मुलांशी झुंजावे लागते. पहिल्या स्पर्धेत ते बहुधा शेवटचे येईल. कदाचित बादही होईल, कारण नियम कडक आहेत. इशाऱ्यापूर्वी उडी घेतली तर एकदाच चुकले तरी शर्यत संपली. ब्रेस्टस्ट्रोक व बटरफ्लायमध्ये भिंतीस दोन्ही हात एकाच वेळी न लावल्यास बाद. तळ्यास भिंत नसते, म्हणून वळण घेणे हा प्रकारच खेड्यातील मुलास नवा असतो, आणि बरेचसे वेळ तेथेच जातात. दिवसभर थांबून मुलाची शर्यत अर्ध्या मिनिटात आटोपते, हेही घरच्यांस आधीच ठाऊक असावे. नाहीतर मजुरी बुडवून आलेला बाप ‘एवढ्यासाठी आणलं?’ असे सर्वांसमोर म्हणतो, आणि ते मूल विसरत नाही. शर्यतीनंतर किती जण पुढे होते हे विचारू नये. घड्याळात किती वेळ लागला, मागील खेपेस किती लागला होता, एवढेच विचारावे. शिक्षकाने ती वेळ एका वहीत तारखेसह लिहून ठेवावी.

ह्या वहीपेक्षाही महत्त्वाचे दुसरे एक पुस्तक शिक्षकाच्याच ताब्यात असते, ते म्हणजे दाखलखारीज रजिस्टर. खेळाडूचा वयोगट जन्मतारखेवर ठरतो, आणि खेड्यातील मुलाच्या तारखेचा शाळेतील पुरावा तेथेच असतो. पूर्वी जन्माचा दाखला नसलेल्या मुलाची तारीख अंदाजाने जूनमधील घालीत, हे जुन्या शिक्षकांस ठाऊक आहे. आता दाखल्यावरूनच तारीख लिहिली जाते. तरी मूल चांगले पोहते असे दिसले की ‘गुरुजी, एक वर्ष इकडचं तिकडं करा’ अशी विनंती येतेच. ती ज्या दिवशी मान्य केली त्या दिवशी एका दुसऱ्या गावच्या खऱ्या वयाच्या मुलाचे स्थान हिरावले गेले. शिवाय पुढील पातळीवर वयाची वैद्यकीय तपासणी झाली तर शिक्षा मुलास भोगावी लागते. ज्याने तारीख बदलली तो तेथे हजर नसतो.

नोकरीचा प्रश्न शेवटी विचारला जातो, पण मनात तो पहिला असतो. त्यास बगल देऊ नये. पात्र खेळाडूंस दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, आणि शासकीय नोकरीत ५ टक्के जागा पात्र खेळाडूंसाठी राखीव असतात. ही पात्रता ठरावीक पातळीवरील यशानेच मिळते. तालुक्यात पोहून आल्याने मिळत नाही. कोल्हापूरचे वीरधवल खाडे ह्यांची हकीकत येथे उद्बोधक आहे. १९९१ साली जन्मलेला हा मुलगा कोल्हापुरात पोहणे शिकला, पुढील तालमीसाठी घरापासून दूर बंगलोरला राहिला, आणि २००८ साली सोळाव्या वर्षी बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये पोहला. २०१० साली ग्वांगझौच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळविले. १९८६ साली खजानसिंग ह्यांनी मिळविलेल्या रौप्यपदकानंतर भारतास जलतरणात मिळालेले ते पहिलेच आशियाई पदक होते. राज्य शासनाने त्यांना तहसीलदार नेमले. पालक हकीकत येथपर्यंतच ऐकतात. पण तहसीलदाराची कचेरी सांभाळताना तालमीस वेळ उरला नाही, काही वर्षे स्पर्धांवाचून गेली. आणि पुन्हा पाण्यात उतरून २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर मुक्त शैलीत ते चौथे आले, तेव्हा तिसऱ्या क्रमांकाशी अंतर एका सेकंदाच्या शंभराव्या भागाचे होते. देशातील उत्तम जलतरणपटूच्या वाट्यास जे येते ते असे आहे. लाखांतून एकास मिळालेली तहसीलदारी डोळ्यांपुढे ठेवून मुलास पाण्यात घालणे हा हिशेब धानाच्या शेतीपेक्षाही बेभरवशाचा आहे.

एका प्रकारच्या मुलांकडे मात्र शिक्षकाचे लक्ष सहसा जात नाही. पायाने अधू, हाताने अधू किंवा दृष्टिहीन मूल मैदानावर नेहमी कडेस बसविले जाते. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, आणि अशा मुलांसाठी स्वतंत्र वर्गवारीच्या शर्यती असतात. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैनिक १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर मुक्त शैलीत सुवर्णपदक मिळविले. जवळचे उदाहरण हवे तर नागपूरच्या दृष्टिहीन जलतरणपटू कांचनमाला पांडे ह्यांचे आहे. २०१७ साली मेक्सिकोतील जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. असे मूल वर्गात असेल तर त्याच्या घरी शिक्षकाने पहिल्यांदा जावे.

इतके सर्व बोलणे शिक्षक, आई, बाप व प्रशिक्षक ह्यांच्यात होते, आणि ज्यास पोहावयाचे त्यास विचारणे पुष्कळदा राहूनच जाते. बापासमोर विचारले तर मूल बापाच्या मनातील उत्तर देते. त्यास शाळा सुटल्यावर एकटे गाठावे, पाळीवर बसवावे आणि विचारावे. आणि उथळ पाण्यात बुडबुडे काढण्याचा पहिला महिना संपल्यावर पुन्हा एकदा विचारावे. त्या दुसऱ्या वेळी ते जे सांगेल ते घरी जसेच्या तसे कळवावे, ‘नको’ असले तरीही.